डावीचं मग बघू

मी खुर्ची बोलते आहे. माझ्यावर कोण कोण बसले याची कहाणी ऐकायला आला असाल, तर निराश व्हाल. माझ्या आयुष्यातील बरीच वर्षे मी माणसे बसवण्यात नव्हे, अडवण्यात घालवली.

लोखंडी नळ्या वाकवून एका वेल्डरने मला घडवले. महाविद्यालयाच्या परीक्षागृहासाठी ज्या चाळीस खुर्च्या झाल्या, त्यांतली मी एक. माझा एक पाय मात्र तसूभर आखूड राहिला. पेपर लिहिताना विद्यार्थी डुलू लागत आणि पर्यवेक्षक वैतागत. अखेर माझी रवानगी क्रीडागृहात झाली. तेथे बास्केटबॉलच्या सरांनी मला मैदानाच्या मध्यावर ठेवून मुलींना सांगितले, "ही समोरच्या संघातली आहे असं समजा. हिला चुकवायचं आणि बास्केट करायचं."

मला चुकवणे ते काय! मी बापडी जागची थोडीच हलणार होते?

पुढे पहिल्या वर्षाच्या वर्गात ती आली. पहिल्याच दिवशी मैत्रिणींनी तिला 'वीज' म्हटले आणि तेच नाव चिकटले. उजव्या हाताने चेंडूचे तीन टप्पे, खांद्याची एक हूल, आणि ती माझ्या पाठीला वारा घालून पलीकडे. सर शिट्टी फुंकायचे विसरले.

दुसऱ्या वर्षी एके दिवशी तिने डावा हात वापरून पाहिला. चेंडू माझ्या आखूड पायावर आदळून भिंतीपर्यंत घरंगळला. "अगं, विजेलाच खुर्चीनं झटका दिला," कोणी तरी म्हणाले. सगळ्या हसल्या, तीही हसली. पण तिने पाच वेळा यत्न केला आणि पाचही वेळा चेंडू मलाच लागला. सहाव्यांदा ती वळली, तेव्हा सरांनी तिला थांबवले.

"सामने आठ दिवसांवर आलेत. तू उजवीनंच जा. डावीचं मग बघू."

त्यांचे चुकले असे तेव्हा कोणालाच वाटले नाही. उजवीने तिने तो सामना जिंकून दिला, त्यापुढचाही. जिंकणाऱ्या हाताला कोण नावे ठेवणार? पण 'मग' हा शब्द मोठा लबाड. 'नाही' म्हटले, तर माणूस निदान भांडतो. 'मग' म्हटले, की निर्धास्त होतो. सामन्यामागून सामने येत गेले. सराव रोज होई, घाम रोज गळे, आणि रोज ती माझ्या त्याच अंगाने निघून जाई. अडथळा आणि प्रतिस्पर्धी हे शब्द समानार्थी नव्हेत. मी केवळ अडथळा होते. हे सांगायला मला तोंड नव्हते, सरांना होते.

शेवटच्या वर्षी राज्याच्या संघाची निवड आमच्याच क्रीडागृहात ठरली. तिच्यासाठी ही पहिली संधी आणि शेवटचीही. त्या दिवशी मला कडेला ठेवले होते. निवड समितीच्या एक बाई मांडीवर वही घेऊन माझ्यावर बसल्या.

विजेसमोर दुसऱ्या महाविद्यालयातली एक ठेंगणी मुलगी उभी राहिली. अगदी समोर नव्हे, विजेच्या उजव्या हाताकडे किंचित सरकून. वीज उजवीकडे झेपावली, वाट बंद. पुन्हा गेली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा चेंडूच हातचा गेला. डावी बाजू तिच्यासाठी मोकळी सोडली होती, आणि तिकडे तिचे पाऊल वळेना. बाई पुढे झुकल्या. माझा आखूड पाय टक्कन वाजला. सरांनी दचकून इकडे पाहिले. बाईंनी वहीत दोनच शब्द लिहिले आणि सरांना हलकेच म्हणाल्या, "हिला मी पहिल्या वर्षी पाहिलं होतं. तेव्हा होती तशीच आहे हो."



यादीत तिचे नाव नव्हते. सगळे पांगल्यावर तिने मला स्वतः ओढत मध्यावर आणले आणि डाव्या हाताने चेंडू घेतला. आदळला. परत आदळला. सर दारात येऊन उभे राहिले.

"सर, ते 'मग' कधी येणार होतं?" तिने त्यांच्याकडे न बघताच विचारले.



"डावीनं खेळवलं असतं, तर चार सामने हरलो असतो," सर म्हणाले. "माझी छाती झाली नाही गं."

"मला विचारायचं तरी."

सरांनी मला उचलले, भिंतीशी नेऊन ठेवले आणि माझ्या जागी ते स्वतः उभे राहिले. "चल, ये. मी हलणार आहे."

मी आता भिंतीशीच असते. माझी एवढीच विनंती आहे, की दमलात तर माझ्यावर खुशाल बसा, थोडे डुलाल इतकेच. पण मला चुकवले म्हणून कोणाला शाबासकी देऊ नका.

त्या संध्याकाळी तिचा पहिलाच चेंडू सरांच्या नडगीला लागून घरंगळत माझ्या आखूड पायाशी येऊन थांबला. ती घ्यायला आली, वाकली. सवयीने तिचा उजवा हात पुढे झाला, थबकला, आणि तिने तो पाठीमागे नेला.