झेंडूवर खापर

विमानात भागीदारी घेतल्यापासून नंदूच्या तोंडाला काही धरबंध राहिला नव्हता. दिवसभर अमेरिकेत, रेडमंडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मान मोडून बसायचा, पण कुणी नुसतं 'वीकेंडला काय केलंस?' विचारायचा अवकाश, की गडी सुटलाच. विमान तरी कसलं? चार सीटांचं, नंदूपेक्षा वयाने मोठं, वॉल्ट नावाचा एक म्हातारा अमेरिकन, रुही आणि नंदू अशा तिघांच्या मालकीचं. पण नंदू 'माझं विमान' असंच म्हणायचा, आणि समोरच्याला वाटायचं, आता हा स्वतःच उडतो की काय!

त्याचे बाबा नागपूरहून आले तेव्हा तर त्याला हक्काचा श्रोताच मिळाला. मनोहरराव उभा जन्म शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेले. आता लेक शिकवतोय म्हटल्यावर ते चष्मा पुसून, मांडी घालून सोफ्यावर बसायचे आणि कान देऊन ऐकायचे. मॅग्नेटो दोन का असतात, तर एकाने दगा दिला तरी दुसऱ्याच्या ठिणगीवर इंजिन चालावं म्हणून. तेल नुसतं वंगण नाही, इंजिनाची उष्णताही वाहून नेतं. बाबा मध्येच 'अस्सं!' म्हणायचे आणि नंदूची छाती आणखी फुगायची.

एका संध्याकाळी त्याने कार्ब्युरेटर घेतला. "बाबा, पेट्रोल आणि हवा इथे मिसळतात. इथे एक अरुंद घसा असतो. त्यातून हवा जोरात जाते, शिवाय पेट्रोलची वाफ होते, त्यामुळे आत एकदम गारठा पडतो. बाहेर चांगलं ऊबदार असलं तरी आत बर्फ धरतो. हवा दमट असली की जास्तच. इंजिनाचा श्वास कोंडतो."

"बाप्पा! मग?"

"मग एक मूठ ओढायची, कार्ब हीट. सायलेन्सरच्या नळीभोवतीची गरम हवा आत येते, बर्फ वितळतो. गंमत म्हणजे मूठ ओढल्यावर इंजिन आधी जास्तच खोकतं, कारण वितळलेलं पाणी पोटात जातं. नवशिके घाबरतात आणि मूठ परत ढकलतात. तिथेच मरतात."

"म्हणजे धीर धरायचा," बाबा म्हणाले. वर्गातल्या हुशार पोरासारखे खूश झाले होते ते.

दसऱ्याला बाबांनी हट्टच धरला. घरच्या गाडीला हार घातला, गंध लावलं, तसं विमानालाही करायचंच. "तेही वाहनच आहे ना रे? उलट त्याला जास्त गरज." नंदूलाही फोटो हवेच होते. इंडियन ग्रोसरीतून झेंडू आणला. विमानतळावर बाबांनी पंख्याच्या पुढच्या टोपीवर हळदकुंकू लावलं, पंख्याला हार घातला, नारळ मात्र बाजूच्या गवतात दगडावर फोडला, विमानाला इजा नको म्हणून. वॉल्टने टोपी काढून हातात धरली होती. रुही इथेच जन्मलेली, विमान उडवायला शिकवायचं काम करणारी, तिने व्हिडिओ काढला आणि म्हणाली, "काका, सो ब्यूटिफुल!" मग नंदूकडे वळून म्हणाली, "आणि तू, आज एअर खूप ह्युमिड आहे. कार्ब हीट विसरू नको, ओके?"

"अगं मला काय सांगतेस!" नंदू हसून म्हणाला.

हार उतरवून बाप-लेक निघाले. पाऊस नुकताच थांबला होता, डोंगरांवर ढग लोळत होते. नंदूचं तोंड चालूच होतं. रेडमंडवर आल्यावर बाबांना आपलं घर दाखवायचं म्हणून त्याने इंजिनाचा जोर कमी केला आणि विमान हळूहळू खाली आणायला लागला. अशा वेळी ती मूठ आधी ओढून ठेवायची असते. पण ती ओढायला हात मोकळा हवा ना! एक हात विमान चालवण्यात, दुसरा घर दाखवण्यात. "ते बघा, निळ्या गाडीशेजारी! दिसलं?" बाबांना दिसलं नाही. त्याने परत फेरी मारली.

फेरी संपवून जोर द्यायला गेला तर जोर येईना. इंजिन खडखडायला लागलं, सगळं विमान थरथरायला लागलं. नंदूच्या तोंडचं पाणी पळालं. पेट्रोलची चावी बघितली, टाकी बदलली, मॅग्नेटोची किल्ली फिरवून बघितली. खाली घरंच घरं, उतरायला रिकामी जागा कुठे आहे तेही दिसेना. मग कधीतरी हात त्या मुठीवर गेला आणि त्याने ती ओढली. इंजिन असं खोकलं की आता बंदच पडतंय! त्याचा हात मूठ परत ढकलायला गेलाही होता. पण बाबा शेजारी पुटपुटत होते. नंदूला वाटलं, रामरक्षा. हात तसाच थांबला. आणि इंजिन दोनदा ठसकलं, मोकळं झालं, आणि जसं काही घडलंच नाही असं गुरगुरत चालायला लागलं.

परतीच्या वाटेवर नंदूने रेडिओवर इंजिनाने दगा दिल्याचं कळवलं. नंदूला सगळं कळलं होतं. आणि लाज वाटत होती. शेंबड्या नवशिक्याची चूक, तीही रुहीने तोंडावर सांगितल्यावर!

खाली उतरताच वॉल्ट आणि रुही धावत आले. "काय झालं?" नंदूने वाकून, इंजिन जिथून हवा ओढतं त्या पंख्याखालच्या जाळीत बघितलं. तिथे झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या. दोन-चार, बस्स. बर्फ तर केव्हाच पाणी होऊन उडून गेला होता, त्याची साक्ष कोण देणार? पाकळ्या मात्र पिवळ्याधमक समोर होत्या.

"ही फुलं!" नंदू ओरडला. आवाज आपोआप चढला. "मी म्हणत होतो नको म्हणून! बाबा, तुमच्या या पूजेपायी आपण आज मेलो असतो!"

तो कधीच नको म्हणाला नव्हता, बरं का. फोटोसाठी दात काढून उभा होता पठ्ठ्या.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग पाकळ्यांकडे. मग त्या पंचाहत्तरीच्या माणसाने वॉल्टसमोर हात जोडले. "सॉरी सर. माय मिस्टेक. आय डोंट नो इंजिन." रुहीकडे वळून मराठीत म्हणाले, "बेटा, माफ कर हं." रुही "नो नो काका" करत राहिली. नंदू बुटाची नाडी बांधत बसला. सुटली नव्हती ती.

त्यानंतर घरात सगळं तसंच चाललं होतं, आणि काहीच तसं नव्हतं. बाबांनी गाडीवरचं गंध पुसून टाकलं, नंदूला न विचारता. उरलेला झेंडू कचऱ्यात गेला. सोफ्यावर बसून ते टीव्ही बघायचे. 'आज काय शिकवतोस?' हे काही विचारलं नाही. नंदूला वाटायचं, आज सांगू. जेवताना सांगू. भाजी वाढून घ्यायचा, तोंड उघडायचा आणि म्हणायचा, "मीठ द्या." स्वतःचीच किळस यायची त्याला. बाप उद्या-परवा नागपूरला परत जाणार, आणि जाताना डोक्यावर काय घेऊन जाणार, तर 'माझ्या फुलांनी लेकाचा जीव जाणार होता' हे. आणि ते ठेवलं कुणी? लेकानेच!

जायच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले, "मला एकदा तिथे ने. उडायला नको. त्या लोकांचा निरोप घेतो." जाताना मांडीवर एक पिशवी होती. नंदूला वाटलं, वॉल्टसाठी चिवडा असेल.

चिवडा होताच. वॉल्टच्या हातात तो देऊन, रुहीचा निरोप घेऊन झाल्यावर बाबांनी पिशवीतून जुना पंचा काढला, पाण्याची बाटली काढली, आणि पंख्याच्या टोपीवरची हळदकुंकवाची बोटं पुसायला लागले. गुडघे दुखत होते, तरी वाकून. हळद काही सुटेना. "डाग नको राहायला," ते म्हणाले. "परक्याचं वाहन आहे."

मग मात्र नंदूला राहवेना. "थांबा!" तो म्हणाला, आणि मग इंग्रजीत, वॉल्टकडे न बघता, जमिनीकडे बघत, सगळं ओकला. फुलांचा काही संबंध नव्हता. बर्फ होता. मी कार्ब हीट विसरलो. मला तिथेच, वरच कळलं होतं, आणि मी खोटं बोललो.

त्याला वाटलं होतं, आता हे दोघे संतापतील. कुणी संतापलं नाही. वॉल्टने दुसऱ्या हातातल्या कॉफीच्या कपात बघितलं.

"वुई न्यू, आम्हाला माहीत होतं," रुही हळूच म्हणाली. "एअर फिल्टर मी त्याच दिवशी ओपन केला ना. चार पेटल्सनी इंजिन चोक नाही होत, नंदू. आम्ही वेट करत होतो."

धरणीने पोटात घ्यावं तर बरं, असं झालं नंदूला. तो कसाबसा बापाकडे वळला. "बाबा, मला माफ करा. तुम्ही उगाच... तुम्हाला बिचाऱ्यांना काय माहीत..."

"मला माहीत होतं," बाबा म्हणाले. पंचा पिळत होते ते. "तू मूठ ओढलीस, ते आधी जास्त खोकलं, मग नीट झालं. तूच तर शिकवलं होतंस. तुझा हात परत मुठीवर गेला तेव्हा मी म्हणत होतो, धीर धर, धीर धर. तुला ऐकू गेलं नसेल."

नंदूने विचारलं, "मग... मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो."

वॉल्टला त्यातलं अक्षरही कळलं नव्हतं. तो पुढे आला, आणि पंख्याच्या टोपीवर उरलेल्या पिवळट बोटांकडे हात करून, मान हलवून त्याने 'पुसू नका' असं खुणावलं. बाबांचा पंचा हातातच राहिला. त्यांनी नंदूकडे पाहिलं आणि, घरात नव्याने आलेला पाहुणा विचारतो तसं, अगदी हळू विचारलं, "राहू देऊ का रे? चालेल तुला?"