आफ्केची मेलेली सायकल

हार्मच्या सात सायकली चोरीला गेल्या होत्या आणि आफ्केची एकही नाही. या एका गोष्टीवर आफ्के विर्सेमा एक्केचाळीस वर्षं ताठ मानेनं वावरत आली होती.

हार्म म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा, हिल्येचा नवरा. दर वर्षी त्याच्या वाढदिवसाला सगळे गोल करून बसत, आणि पहिली कॉफी संपायच्या आत विषय सायकलचोरांवर येई. नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या त्या विद्यापीठाच्या शहरात एक वेळ छत्री न हरवलेला माणूस सापडेल, पण सायकल न गेलेला सापडायचा नाही. जो तो आपला आकडा सांगे. शेवटी हार्म मुद्दाम खाकरून विचारी, "आणि आफ्के?"

"शून्य," आफ्के म्हणायची, आणि केकचा दुसरा तुकडा आपणहून उचलायची. त्या मुलखात दुसरा तुकडा आपणहून कुणी उचलत नाही. आफ्के उचलायची.

"एक दिवस जाईल ना, तेव्हा बघू तुझा तोरा," हार्म म्हणे.

तिची युक्ती साधी होती. चोराला हवीशी वाटेल अशी सायकल ठेवायचीच नाही. तिची काळी सायकल बघून कुणालाही कणव यावी. सीट फाटलेली, वर पावाची प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. मागचं मडगार्ड तारेनं आवळलेलं. जिथे गंज नव्हता तिथे आफ्केनं स्वतः तपकिरी रंगात कॉफीचा चोथा कालवून तो लिंपला होता. आतून मात्र सायकल म्हणजे लोणी. दर दुसऱ्या मंगळवारी चेनला तेल, वर्षातून दोनदा बेअरिंगना ग्रीस. इतके लाड तिनं नवऱ्याचेही केले नव्हते, आणि हे ती स्वतःच सांगायची.

सायकल स्टेशनबाहेर उभी असे. एक्काहत्तराव्या वर्षीही आफ्के मंगळवारी आणि गुरुवारी गावाहून आगगाडीनं यायची, तिथून सायकलनं इस्पितळात जायची आणि रोग्यांसाठी पुस्तकांची ढकलगाडी वॉर्डावॉर्डांतून फिरवायची. संध्याकाळी सायकल पुन्हा त्याच जागी.

महिन्यापूर्वी एका मंगळवारी तिला हँडलला नारिंगी फीत बांधलेली दिसली. नगरपालिकेची होती. 'ही सायकल बेवारस दिसते. चार आठवड्यांत फीत काढली नाही, तर सायकल उचलून नेण्यात येईल.' दुसऱ्या कुणीही फीत तिथल्या तिथे कापून टाकली असती. आफ्के दोन पावलं मागे सरली, मान तिरकी करून तिनं सायकलीकडे पाहिलं आणि खूश झाली. वा! आता तर चोर ढुंकूनही बघणार नाही. आठवड्यातून दोनदा हलणारी सायकल पालिकेच्या माणसांना कळल्याशिवाय राहील का? तिनं फीत तशीच ठेवली, वर ती नीट दिसावी म्हणून थोडी पुढे ओढली.

आणि या गुरुवारी ती स्टेशनबाहेर आली, तर जागा रिकामी.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा तिला सायकल आठवलीच नाही, हार्मचं तोंड आठवलं. रविवारी त्याचा वाढदिवस होता. मग ती फीत आठवली आणि जिवात जीव आला. पालिकेनंच नेली असेल! आपली सायकल कुणी कचरा समजून उचलली असावी, अशी आशा आफ्केनं आयुष्यात पहिल्यांदाच केली. ती बस पकडून तडक शहराबाहेरच्या पालिकेच्या गोदामात गेली.

तिथे हजारभर सायकली रांगा लावून उभ्या होत्या. रेदुआन नावाचा चाळिशीतला तपासनीस दारात कॉफी पीत होता. फिती बांधायचं काम तोच करायचा.

"काळी, बायकांची. सीटवर पावाची पिशवी," आफ्के म्हणाली.

"बाई, मग या रांगांत शोधू नका. मेलेल्या तिकडे, भिंतीकडे. उद्या सकाळी भंगारात जायच्यात."

ती भिंतीपाशीच होती. आफ्केनं आधी चेन चाचपली, मग किल्ली लावली. कुलूप लगेच उघडलं.

"चोरीला नाही गेली!" ती मोठ्यानं म्हणाली.

"हिला कोण चोरणार?" रेदुआन हसला.

"तेच तर म्हणतेय मी!"

त्यानं सहीसाठी कागद पुढे केला. 'बेवारस सोडलेली सायकल मालकास परत.' आफ्केनं पेन खाली ठेवलं.

"बेवारस शब्द खोडा."

"छापील आहे तो."

"मग पेनानं खोडा. परवा मंगळवारीच हिच्या चेनला तेल घातलंय मी. बेवारस म्हणे!"

रेदुआनचा चेहरा बदलला. "हे बघा बाई, सोळा वर्षं हेच करतोय. सायकल जिवंत की मेलेली, रस्त्यापलीकडून सांगतो. आजवर एकदाही चुकलो नाही. सही करा आणि घेऊन जा, कुणाला कळणारही नाही."

"मला कळेल," आफ्के म्हणाली. चोरीला गेली नाही हे खरं, पण आपण तिला टाकून दिली, असं स्वतःच्या सहीनं लिहून द्यायचं? त्यापेक्षा चालत घरी गेलेलं बरं. "चालवून बघा. मग बोला."

"मी? ही?"

"घाबरताय होय?"

रेदुआननं कप ठेवला आणि तो सायकलवर बसला. आता कुरकुरेल, मग मोडेल, अशा धास्तीनं त्यानं जपून पायडल मारलं. सायकल कुरकुरली नाही. त्यानं जोरात मारलं. गोदामाला एक चक्कर झाली, मग गरज नसताना दुसरी. परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. त्यानं कागद घेतला, 'बेवारस' शब्दावर दोन आडव्या रेघा ओढल्या आणि खाली सही केली. आफ्केनंही केली.

मग त्यानं आत हाक मारली. "अरे, सगळे बाहेर या जरा!"

तिघं तपासनीस आले. रेदुआननं सायकल मधोमध उभी केली. "सांगा. जिवंत की मेलेली?"

पहिल्यानं एक नजर टाकली. "मेली."

दुसरीनं पावाची पिशवी उचलून पाहिली. "केव्हाच मेली. फीत बांधायचीही गरज नव्हती."

तिसऱ्याचं नाव ओक्के, सगळ्यांत जुना तपासनीस. रेदुआनला हे काम त्यानंच शिकवलं होतं. तो गुडघ्यावर बसला, मडगार्डची तार हलवली, नखानं गंज खरवडला, नखाकडे बराच वेळ पाहिलं.

"मेली," ओक्के उठत म्हणाला. "बिचारी."

आफ्केच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आजवर सायकल गेली नाही ती नशिबानं, असं हार्म म्हणायचा, आणि खोटं कशाला बोला, कधीकधी तिलाही तसंच वाटायचं. आज मात्र ज्यांचं पोटच या नजरेवर चालत होतं, ती चार माणसं तिच्या हातच्या कामाला फसली होती. ती पुढे झाली, रेदुआनच्या हातातून हँडल घेतलं आणि एक्काहत्तर वर्षांचं वय विसरून झटक्यात वर बसली. जराही आवाज न करता सायकल तिघांच्या मधून सुटली.

ओक्के आधी नुसता बघत राहिला, मग मागे धावला. "अहो बाई! थांबा! अशी मेलेली कशी केलीत? सांगून तरी जा!"

"नाही सांगणार!" आफ्के मागे न बघता ओरडली आणि फाटकातून बाहेर पडली.