कुलपाची साईट

माझ्या धाकट्या जावेच्या साईटला कुलूप आहे. फोनवर तिची साईट उघडली की वरच्या कोपऱ्यात एवढंसं कुलूप दिसतं. माझी उघडली की 'सुरक्षित नाही' अशी पाटी येते. मी काय दरोडेखोर हाय का? ते कुलूप बघितलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. खोटं कशाला बोलू!

बजाजनगरात भाड्यानं भांडी द्यायचा धंदा मी काढला, पैठणहून माहेरानं दिलेल्या भांड्यांवर. हरवू नये म्हणून प्रत्येकावर नाव घातलं, 'चतुरा २००१'. पुढं ही धाकटी जाऊ, राजनंदिनी, लग्न होऊन आली, सासऱ्यांनी, तात्यासाहेबांनी, वाटणी केली आणि माझ्या नावाची निम्मी पातेली तिच्या दुकानात गेली. जावा-जावा, उभा दावा, दुसरं काय! ती कॉम्प्युटर शिकलेली. माझी साईट एकानं स्वस्तात करून दिली आणि परत तोंड दाखवलं नाय.

एकोणीसच्या उन्हाळ्यात पाण्याची बोंब. नव्या नव्या इमारतींत माणसं राहायला आलेली, नळाला थेंब नाय. टँकरचं पाणी साठवायला हजार लिटरच्या टाक्या लोक भाड्यानं नेऊ लागले. एक गिऱ्हाईक मला तोंडावर म्हणालं, "बाई, तुमच्या साईटवर नंबर टाकायची भीती वाटते. आम्ही राजनंदिनी मॅडमकडून घेतो." मॅडम म्हणे! तरी मला दिवसाला दोन-तीन फोन यायचे. जुनं नाव आहे माझं, मी म्हणायची.

त्या दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मी तिच्या साईटचं मालकाचं पान उघडलं. दिवाळीत तिनंच कौतुकानं दाखवलं होतं, "आक्का, हितं पासवर्ड टाकला की शिल्लक माल बदलता येतो." आमच्या धंद्यात विसरायचं नाय ते भांड्यावर असतं. ती नव्या भांड्यांवर घालते ते नाव टाकलं. उघडंना. समोर पातेलं उपडं घातलेलं होतं. त्यावरचं नाव इंग्रजीत टाकलं, 'चतुरा २००१'.

उघडलं की!

अगं बाई, भांडी नेली ती नेली, पासवर्डाला पण माझंच नाव? डोकं असं सणकलं! तिच्या सगळ्या टाक्यांपुढं 'शिल्लक नाही' करून टाकलं. बस म्हणलं आता कुलूप बघत.

पाच मिनिटांत माझा फोन वाजला. "टाकी मिळंल का?" लगेच दुसरा. मग तिसरा. मी खूश. चौथ्या बाईला विचारलं, "माझा नंबर कुठं मिळाला हो तुम्हाला?"

"राजनंदिनी मॅडमच्या साईटवर. टाकी शिल्लक नसली की तिथं लिहून येतं ना." तिनं वाचूनच दाखवलं, "'आमच्या मोठ्या जाऊबाईंना फोन करा. धंदा आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो.' खाली तुमचा नंबर आहे."

मी खुर्चीत बसले. म्हणजे रोजचे ते दोन-तीन फोन माझ्या जुन्या नावाचे नव्हतेच. तिच्याकडचं संपलं की ती माझ्याकडं पाठवत होती, आणि एका शब्दानं कधी बोलली नाय. मला माझीच लाज वाटली. लई वाटली. तरी आत कुठंतरी जळतच होतं, चांगुलपणात पण हिनंच पुढं जावं का म्हणून.

तेवढ्यात तिचाच फोन आला. आवाज रडवेला. "आक्का, कुणीतरी माझ्या साईटमध्ये घुसलंय. सगळ्या टाक्या संपल्या म्हणून दाखवतंय. पासवर्ड मी कुणालाच सांगितला नव्हता हो, ह्यांना पण नाय. आता बदलते. नवीन काय ठेवू? तुम्हीच सांगा."

म्हणलं, "काय बी ठेव. फक्त माझं नाव नको ठेवू."

पलीकडचं रडणं थांबलं. मग ती हळूच बोलली, "तुमच्या फोनवर पान उघडंच असंल ना, आक्का? टाक्या परत चालू करा तेवढ्या. कसं करायचं ते तुम्हाला आता येतंच."

एकेक टाकी परत चालू केली. चष्मा दोनदा पुसावा लागला.