खालून आलेला निळा ड्रम

एका कंटेनरमध्ये आम्ही ऐंशी ड्रम होतो. जहाज खडकावर चढलं, कंटेनर फुटला आणि पुढे मोजणी झाली ती अशी: किनाऱ्यावर चौतीस, खाडीच्या चिखलात नऊ, छत्तिसांचा पत्ता नाही. उरलेला एक, मित्रांनो, तो मी. दोनशे लिटरचा, निळा, आता जरा पोचे आलेला.

तापलेलं प्लास्टिक साच्यात फुगवून मला घडवलं होतं. माझ्यात पाण्यासारखं दिसणारं, अजिबात वास नसलेलं काहीतरी भरलं आणि पोटावर एक कागद चिकटवला. मला वाचता येत नाही. कोणीतरी वाचेल, या भरवशावर मी निश्चिंत होतो.

खडकाचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. एवढं जाड लोखंड, पण कापडासारखं टरकन फाटलं. माझं झाकण उडालं, पोटातलं जवळजवळ सगळं समुद्रात सांडलं आणि हलका झालेला मी लाटांवर आलो. जूनचं उधाण होतं. भरतीनं मला सावित्री नदीच्या मुखातून आत ओढलं आणि प्रवाहाच्या उलट्या दिशेनं दासगावपर्यंत नेलं. तिथल्या पांडूनं आपल्या होडीतून मला अडवलं.

या काठाची जुनी रीत आहे. नदीतून ओंडका येवो नाहीतर एखादं दार, ओढेल त्याचं. तिकडे किनाऱ्यावर मात्र जहाजाच्या मालाला हात लावू नका, असं सांगत पोलिसांची गाडी फिरत होती.

"जहाजाचा तर नाय ना रे?" शेजाऱ्यानं विचारलं.

"जहाज कुठं, आपण कुठं! नदीत येतं ते वरनंच येतं. हा पोलादपूरकडचा हाय."

मी हादरलो. मी खालून, समुद्राकडून आलो होतो! माझं तोंड सताड उघडं होतं, पण त्यातून आवाज निघत नव्हता. पांडूनं कोयत्यानं माझ्यावरचा कागद खरवडला. राख आणि गरम पाण्यानं मला घासलं, आत डोकं घालून हुंगलं. "वास नाय, काय नाय," म्हणाला आणि मला गोठ्यामागे ठेवून दिलं. वर्षभर कोंबड्या माझ्यावर बसत होत्या.

मे महिन्यात तो मला टेम्पोत घालून पोलादपूरच्या वरच्या वाडीत घेऊन गेला. तिथे त्याची मोठी बहीण मंजुळा राहते. वाडीत आठवड्यातून एकदाच टँकर येतो.

"मेल्या, लोकांचे भाऊ साडी आणतात, तू ड्रम आणलास?"

"साडीत पाणी भरशील काय गो?"

ती खूप हसली. त्याच सकाळी टँकर आला. तिनं आधी तांब्याचा हंडा भरला आणि मग मला काठोकाठ भरलं. उद्या वाडीची पूजा होती, मुंबईकर आले होते. सगळ्यांचं कोकम सरबत माझ्यातल्या पाण्याचं होणार होतं. एवढा मोठा ड्रम वाडीत कोणाकडे नाही, असं बायका म्हणाल्या. मला अभिमान वाटला.

तेवढ्यात आरोग्य केंद्राची आशा सेविका प्रियदर्शिनी आली. डास होऊ नयेत म्हणून ती साठवणीच्या पाण्यात गप्पी मासे सोडते. तिनं माझ्यातही सोडले. ते गिरक्या घेऊ लागले, कुशीवर वळले आणि उलटे होऊन वर आले. मित्रांनो, माझ्या अंगात काय मुरून उरलंय, हे मलाही तेव्हाच कळलं.

"टँकरात पावडर टाकतात, त्यानं मेले," पांडू म्हणाला.

"असेल दादा. पण ड्रममुळेही असेल," प्रियदर्शिनी म्हणाली.

"माझ्या भावानं विष आणलं म्हणतेस?" मंजुळा कडाडली.

"थांब ताई, मीच पितो. बघा सगळी!" पांडूनं पेला बुडवून तोंडाला लावला. घोट घेण्याआधीच मंजुळानं झडप घालून त्याचा हात धरला. अर्धं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं.

"थांब रे, गाढवा! हंडा पन त्याच टँकरचा हाय. त्यात सोड गो मासे. दोन्हीत सोड. मग बोलू."

प्रियदर्शिनीनं हंड्यात पाच आणि माझ्यात पाच मासे सोडले. पांडू हातात पेला घेऊन ओट्यावर बसला. मंजुळानं त्याचं मनगट सोडलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारखा कोणी तुमच्या काठाला लागला, तर तो कुठून आला हे आधी विचारा. आमच्या पोटावरचा कागद खरवडू नका. आम्हाला बोलता येत नाही, सांगायचं असतं ते तिथेच लिहिलेलं असतं.

तासाभरानं सगळे वाकून बघायला आले. हंड्यात जिवंत मासे पाच. माझ्यात एकही नाही.