अर्धा फ्लास्क

रविवारी माझं अळणी असतं. आदित्याचं व्रत आहे. आमच्या घरच्या रीतीत त्या दिवशी मीठ खायचं तर नाहीच, पण सूर्य मावळेपर्यंत मिठाला हातही लावायचा नाही. म्हणून रविवारी काम निघालं तर प्रयोगशाळेत मिठाचं मोजमाप तृप्ती करते. सातपूरला आमची छोटीशी जागा आहे, शेतीला लागणारी जिवाणू खतं तिथे तयार होतात. तृप्ती देवळ्याकडची. हुशार मुलगी, पण हाताला फार घाई.

त्या रविवारी सूर्याला अर्घ्य देऊन मी पोचले. बाहेर थंडी मी म्हणत होती आणि आत इन्क्युबेटरचं दार उघडं टाकून तृप्ती उभी होती. आतून वाफ येत होती. रात्रीतून यंत्र बिघडलं होतं. तिशीच्या आसपास राहायचा तो तापमानाचा आकडा पन्नाशीला टेकला होता.

बाकीची खतं गेली, हे वासावरूनच कळलं. ती पुन्हा करता आली असती. जीव अडकला होता तो खालच्या कप्प्यातल्या एका काचेच्या फ्लास्कमध्ये. तृप्तीच्या कारभारीमामांच्या शेतात एक तुकडा खारवटलेला आहे, वर पांढरी खपली धरते. त्या खपलीतूनच आम्ही हे जिवाणू शोधले होते. कांद्याच्या रोपाची मुळं त्यांच्या पाण्यात बुडवून लावली, की रोप खारट मातीत तग धरतं, असं कुंडीत दिसलं होतं. शेतात पहिल्यांदाच लावणार होतो. मूळ वाण जपलेल्या नळ्यांना बुरशी लागलेली, त्यामुळे जे काही उरलं होतं ते त्या फ्लास्कमध्ये. मंगळवारी लागवड होती. मामांनी बायका सांगून ठेवल्या होत्या आणि रोप उपटू का, हे संध्याकाळी फोन करून विचारणार होते. मागच्या वर्षी त्या तुकड्यात लावलेलं सगळं रोप आठवड्यात वाळून गेलं होतं.

मी फ्लास्क मागितला. तृप्तीनं पुढे केला तो अर्धा रिकामा होता.

उरलेलं कुठे, असं विचारलं तर तिनं टेबलावरच्या बरणीकडे बोट दाखवलं. आत तांबूस पाणी होतं. गुळाचं.

"उन्हातून आलेल्याला आपण गूळपाणी देतो ना, ताई," ती म्हणाली. "इतके तापलेत. म्हटलं, जरा तरतरी येईल. उरलेलंही ओतणारच होते."

मी तिच्या हातातला गूळ काढून घेतला. रागवायला वेळ नव्हता. गुळावर जिवाणू वाढवतात हे खरं आहे, तिच्याकडे शेतावर पिंपात तेच करतात. पण हे जिवाणू समुद्राहून खारट पाण्यात राहणारे. बाहेरचं मीठ पेशीतलं पाणी ओढून नेऊ पाहतं, तेव्हा ते स्वतःच एक पदार्थ तयार करून आत साठवून ठेवतात. एक्टोइन म्हणतात त्याला. त्याच्या जोरावर पेशीत पाणी टिकतं आणि उष्णतेत प्रथिनांची घडीही मोडत नाही. म्हणजे रात्री कोणी वाचलं असेल, तर ते याच साठ्यामुळे. आणि असा भरलेला जीव एकदम गोड्या पाण्यात टाकला, तर पाणी आत घुसतं. तो फुगून फुटतो, नाहीतर वाचण्यासाठी सगळा साठा बाहेर टाकून देतो. तापून अर्धमेला झालेला जीव त्यानंतर उठत नाही.

तृप्तीनं ऐकलं आणि बरणीला झाकण लावलं.

उरलेल्या अर्ध्यात कोणी जिवंत आहे की नाही, हे बघायला एकच वाट होती. आधीच्याइतकंच खारट, खाद्य घातलेलं नवं पाणी करायचं, त्यात फ्लास्कमधले चार थेंब सोडायचे आणि वाट बघायची. स्वच्छ पाणी गढूळलं, तर आहेत. तृप्ती मीठ मोजायला बसली, पण तिचं लक्ष सारखं त्या बरणीकडे जात होतं, काटा ठरेना. दोनदा मीठ सांडलं. तिसऱ्यांदा तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला माझा नियम ठाऊक होता.

मी मनात सूर्यनारायणाला सांगितलं, आणि मिठाचा डबा ओढला.

दुपार फार लांबली. काचेआडचं पाणी नितळ ते नितळच. मी जप करत होते आणि मधेच आकडा चुकत होते. तृप्ती सारखी नव्या पाण्याचा फ्लास्क उजेडात धरायची, मी तो परत ठेवायला लावायचे. उन्हं उतरली तशी ती हळूच म्हणाली, की मामांना हो म्हणून टाकू या, तोवर काहीतरी होईलच. मी नाही म्हटलं. उपटलेलं रोप परत वाफ्यात लागत नाही.

फोन वाजला. मी फ्लास्कमागे छापील कागद धरला. सकाळी पाण्यातून अक्षरं लख्ख दिसत होती. आता त्यांच्या कडा पुसट होत्या. फ्लास्क हलवला, तर आत रेशमासारखी एक लाट फिरली.

माझे हात जोडले गेले, तेव्हा दिसलं की बोटांवर अजून मिठाची पांढरी पूड होती.

पण भाजून निघालेले जीव सावकाश वाढतात. मंगळवारपर्यंत सगळ्या तुकड्याला पुरेल एवढं होणार नव्हतं. मी तृप्तीला अर्ध्याची खूण केली. फोन तिनंच घेतला, स्पीकरवर.

"मामा, अर्धंच उपटा," ती म्हणाली. "अर्धं औषध माझ्या हातानं गेलं. मी त्याला गूळपाणी पाजलं."

"गूळपाणी," मामा म्हणाले. "पोरी, लय पाहुणचार केलास. बरं, खालच्या अंगाचं उपटतो. वरचं राहू दे वाफ्यात. पण जे हाय ते नीट आण."

फोन ठेवून तृप्तीनं गुळाची बरणी उचलली, आणि मोरीत ओतायच्या आधी त्या तांबूस पाण्याकडे क्षणभर बघत राहिली.