मुलाखतीपुरता कोट

"हे घड्याळ मी चालले तर पावलं मोजेल. मी पडले तर ते कुणाला हाक मारणार आहे?" आत्याबाई असं म्हणाल्या तेव्हा माझी मालकीण नुसती हसली. "काहीतरीच काय, आत्या," म्हणाली आणि त्यांच्या मनगटावर पट्टा आवळून मोकळी झाली. मी खुर्चीच्या पाठीवर लटकून सगळं ऐकत होतो. मित्रांनो, मला कुणी विचारत नाही, म्हणून आपणहून सांगतो: मी एक जुना काळा कोट आहे, आणि माणसांबद्दल माझं मत फारसं बरं नाही.

कारखान्यात कापडाच्या थप्पीवर यंत्राचं पातं फिरलं आणि ढीगभर भावांसोबत मी कापला गेलो. बाहेरून झकास, आतून स्वस्तातलं अस्तर, खांद्यांत स्पंज. थोडक्यात, मुलाखतीला निघालेल्या माणसासारखीच माझी घडण. मला पहिल्यांदा घातलं ते मालकिणीच्या थोरल्या जावेनं. तुमचा दोष सांगा म्हटलं, की ती मान किंचित तिरकी करून सांगायची, "मी कामात फार जीव ओतते." तिला नोकरी लागली. 'पायगुणाचा कोट' म्हणून माझं कौतुक झालं. मग डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीला मला कपाटात टांगलं आणि सगळे विसरले. ओतलेला जीव तेवढा माझ्या काखेत वाळून राहिला.

चिंगी चालायला लागली तेव्हा तिच्या आईनं, म्हणजे धाकट्या जावेनं, माझ्या आताच्या मालकिणीनं, मला बाहेर काढलं. तिला डेटा अ‍ॅनालिस्ट व्हायचं होतं. आकड्यांच्या ढिगाऱ्यातून कामाची गोष्ट शोधून काढायची, अशी ती नोकरी. चिंगीच्या वेळी हातचं काम सुटलं होतं. आता जमलं नाही तर 'मधल्या काळात घरी काय करत होतात?' हा प्रश्न जन्मभर ऐकावा लागेल, या धास्तीनं ती भाजी ढवळतानासुद्धा उत्तरं पुटपुटायची.

तिनं एक ऑनलाइन शिकवणी लावली. तिथल्या सरांइतका पोकळ माणूस मी पाहिला नाही, आणि मी आयुष्य हँगरवर काढलंय. त्यांनी स्वतः कधी नोकरी केली होती की नाही, देव जाणे. मिळवायची कशी, हे मात्र रोज सांगायचे. अर्धे विद्यार्थी एकच तयार प्रकल्प आपापल्या नावावर खपवायचे. सरांचा लाडका सल्ला एकच. तक्त्यात कुठे रिकामी जागा आली, की तिथे सरासरी भरून टाकायची. आलेख कसा गुळगुळीत दिसला पाहिजे. मालकिणीनं ते ब्रह्मवाक्य समजून उतरवून घेतलं.

निदान प्रकल्प तरी तिनं स्वतःचा घेतला. तिच्या नवऱ्याची आत्या मागच्या गल्लीत एकटी राहायची आणि संध्याकाळी चिंगीला सांभाळायला यायची. तिच्या घड्याळातली पावलं मालकिणीच्या फोनवर येत, तीच माहिती. आधी कुरकुर केलेल्या आत्याबाई आता त्या घड्याळाच्या पार प्रेमात पडल्या होत्या. शेजारच्या निवृत्त पोस्टमनशी त्यांची चालण्याची शर्यत लागली होती. घड्याळ झोपेतही हातात. चार्जिंगला लावायचं तेही जेवताना, ताटाशेजारी, डोळ्यांसमोर.

मुलाखत जवळ आली आणि आत्याबाई यायच्या थांबल्या. फोनवर म्हणाल्या, सर्दी झालीय, पोरीला लागेल, मी बरी आहे. बरं म्हणून यांनीही फोन ठेवला. एवढ्यावर माणसांचं समाधान होतं. त्या दिवसांच्या पावलांच्या जागा कोऱ्या आल्या. मालकिणीनं त्यांत सरासरी भरली. आलेख इस्त्री केल्यासारखा सपाट झाला आणि ती त्याच्याकडे कौतुकानं बघत बसली.

मुलाखतीला वर मी, खाली दुधाचे डाग पडलेला पायजमा. नवरा चिंगीला घेऊन आतल्या खोलीत. पडद्यावर एक चष्मेवाल्या बाई होत्या. सुरुवातीची पाठ केलेली पोपटपंची त्यांनी जांभई आवरत ऐकली. मग आलेखाच्या टोकाशी थांबल्या.

"हे शेवटचे दिवस अगदी सारखे कसे? माणूस असं मोजूनमापून चालतं का?"

"तिथे माहिती नव्हती. मी सरासरी भरली."

"का नव्हती?"

उत्तर तयार होतं. घड्याळ चार्जिंगला असेल. तेच द्यायला तिनं तोंड उघडलं आणि तिला ताटाशेजारचं ते घड्याळ आठवलं. माझ्या पाठीला तिचा घाम लागला.

"त्या ते घड्याळ काढतच नाहीत," ती हळूच म्हणाली. "मला जायला हवं."

इतक्या मुलाखती पाहिल्या, पण मधूनच उठलेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. नवऱ्याला ओरडून सांगत ती तशीच धावत सुटली. वर साहेब, खाली पायजमा. गल्लीतले लोक दात काढत होते. काढू देत. त्यांच्यातला एक तरी आत्याबाईंच्या दाराशी गेला होता का? शर्यत जिंकल्याच्या आनंदात तो पोस्टमनही गेला नव्हता.

दार उघडायला फार वेळ लागला. आत्याबाईंचा हात ओढणीच्या झोळीत होता, मनगट सुजून टम्म, घड्याळाचा पट्टा काढून ठेवलेला. न्हाणीघरात पाय घसरला होता. एका हातानं काही रांधणं होईना, म्हणून बिस्किटांवर दिवस काढत होत्या. अंगात ताप होता.

"सांगितलं का नाहीत, आत्या?"

"तुझी मुलाखत होऊ दे म्हटलं. झाली का गं?"

मालकिणीनं मला काढलं आणि त्यांच्या थरथरत्या खांद्यांवर घातलं. मित्रांनो, कोट ऊब देण्यासाठी असतो, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं.

नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. त्याचा आलेख गुळगुळीत असणार. मालकिणीनं भरलेले आकडे पुसले, जागा कोऱ्या ठेवल्या आणि शेजारी लिहिलं: 'पडल्या होत्या. आम्ही विचारलं नाही.' हाच तक्ता घेऊन, साधा स्वेटर घालून, ती पुढच्या मुलाखती देते. मी आत्याबाईंकडेच राहिलोय. प्लास्टरसाठी माझी बाही उसवली, म्हणजे मुलाखतीतून मी कायमचा सुटलो.

'मी बरी आहे' असं फोनवर सांगणारं कुणीतरी तुमच्याही ओळखीत असेल. तुम्ही 'बरं' म्हणून फोन ठेवला असेल. तुमच्याकडून मला दुसरी अपेक्षा नाही. पण आज एकदा पायांत चपला घाला आणि जा. दार वाजवा. ते उघडायला किती वेळ लागतो, तेवढं बघा.