पिल्लाचा हंबरडा

एसीच्या खोलीतही दिग्दर्शकांच्या गळ्यात मफलर होता, कारण समोर कॅमेरा होता. एरवी तो खुर्चीच्या पाठीवर लोंबायचा आणि साहेब दात कोरत बसायचे.

पाणमांजराच्या पिल्लाचा त्यांचा कार्टून सिनेमा गेल्या वर्षी तुफान चालला, आणि आता ‘पडद्यामागच्या गमतीजमती’ टिपायला कॅमेरावाली मंडळी आली होती. पुरात आई हरवलेलं पिल्लू हंबरडा फोडतं, तिथे थिएटरात भले भले बाप्ये चष्मे पुसायचे. तो हंबरडा खारूचा. तेव्हा ती चार वर्षांची होती. तिची आई याच स्टुडिओत पार्श्वभूमी रंगवायची. नदीकाठचं सगळं लव्हाळं तिच्या हातचं, पण त्यातली गंमत अजून कुणी विचारली नव्हती.

आज आईला हो की नाही ते सांगायचं होतं. सिनेमाच्या दुसऱ्या भागासाठी दिग्दर्शक सरांना खारूचं रडणं पुन्हा हवं होतं. “तुझंही बघू या की. किती दिवस गवतच रंगवणार?” असं गाजरही दाखवून झालं होतं. घरून निघताना तिचं जवळजवळ हो ठरलं होतं.

खारू तिच्या शर्टाचं टोक मुठीत धरून बसली होती. त्या रेकॉर्डिंगपासून पोरगी आईला नजरेआड होऊ देत नव्हती. बाथरूमचं दार नुसतं लोटलं तरी किंचाळायची. पुस्तकं पालथी घातली, डॉक्टर बदलले, शेवटी खापर फुटलं ते आईच्या नोकरीवर. आधी सासूबाईंनी फोडलं, मग तिचं तिनेच.

“सर, इतकी लहान मुलगी इतकं खरं कशी रडली?” मुलाखत घेणाऱ्या मुलीने विचारलं.

सर खुलले. “अहो, तीच तर धमाल! रडायलाच तयार नाही, नुसती खिदळतेय. मग मी काय केलं, हिच्या आईला पाठवलं कॉफी आणायला. पोरीला काचेपलीकडे एकटीला बसवलं, दार लावून घेतलं आणि माइकवरून सांगितलं, तुझी आई गेली. आता येणार नाही. तिला दुसरं बाळ मिळालं.” त्यांनी मांडीवर थाप मारली. “एका टेकमध्ये ओके!”

खोली हसली. सगळ्यांचा पगार सरांच्या हातात होता, तेवढ्या बेताने हसली.

आईला ती कॉफी आठवली. चित्रकाराला हमाली सांगतात, एवढाच तेव्हा तिला राग आला होता. ट्रे सांडू नये म्हणून ती हळूहळू चालत आली होती.

“मग काय रडूबाई,” सर खारूकडे वाकले, “आज परत करायचं?”

“या वेळी काय सांगणार?” आईने विचारलं. “मेली म्हणून?”

“अगं, गमतीने घे ना! कलेसाठी थोडं...”

“मग माझीही गंमत घ्या. कॅमेरा चालू राहू दे. माझी मुलगी दोन वर्षं दार उघडं टाकून अंघोळ करते. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं.”

“हे कापा,” सर कॅमेरावाल्याला म्हणाले.

“आई,” खारूने शर्ट ओढला, “तू कॉफी आणायला गेली होतीस?”

“हो गं.”

“फक्त कॉफी?”

“फक्त कॉफी. तीही यांचीच, तीन चमचे साखर घातलेली.”

खारूने बराच विचार केला. मग सरांना विचारलं, “म्हणजे काका, तुम्हाला माहीत होतं ती येणार?”

एवढं मोठं नाव झालेला माणूस मफलरचं टोक चाचपत बसला. “मुलं विसरतात हो सगळं,” तो कॅमेऱ्याला म्हणाला.

“दुसऱ्या भागात तुम्हीच रडा,” आई उठली. “गळा छान उबेत ठेवलाय.”

उद्यापासून लव्हाळं दुसरं कुणी रंगवणार, हे तिला दाराशी पोचेपर्यंत कळलं होतं. पण पाय थांबले नाहीत.

बाहेरच्या बाथरूमपाशी खारू घुटमळली. आत गेली, दार अर्धं ओढलं.

“आई, तिथेच थांब. बोलत राहा.”

“काय बोलू?”

“त्या काकांबद्दल.”

“त्यांना ना, मफलरशिवाय काही सुचत नाही. झोपतानाही घालतात. आणि कॅमेरा गेला की दात कोरतात, अस्से, तोंड वाकडं करून...”

आतून खिदळणं ऐकू आलं. “अजून!”

आई सांगत राहिली. दोन वर्षांचं साचलेलं होतं, विषयाला तोटा नव्हता. बोलता बोलता तिने पाहिलं, तर दार लागलं होतं. कडी नव्हती घातली, पण लागलं होतं.